चौथ्या मेणबत्तीची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी रिंग आहे, आणि खरं सांगायचं तर आता मी दमले आहे. मंठ्याच्या पुढं एका लहान गावातल्या चर्चमध्ये, पत्र्याच्या पेटीत, जुन्या पडद्यांखाली मी वर्षाचे अकरा महिने पडून असते. नाताळाआधी चार रविवार उरले की मला बाहेर काढतात. त्या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. येशूच्या जन्माची वाट पाहायची आणि तोवर आपलं मन झाडून ठेवायचं, असे ते दिवस. माझ्यावर चार वाट्या आहेत. दर रविवारी एकेक मेणबत्ती लागते. आधी आशेची, मग शांतीची, आनंदाची आणि शेवटी प्रीतीची.

माझा जन्म जालन्याच्या एमआयडीसीतला. सळईच्या कारखान्यात पुंजाराम आणि भारत हे सख्खे भाऊ कामाला होते. साहेबांना विचारून त्यांनी सळईचा एक उरलेला तुकडा घेतला. पुंजारामनं मला वाकवलं, भारतनं वेल्डिंगचे टाके मारले. पहिल्या वर्षी माझं काय कौतुक झालं! तेव्हाच्या पाळकसाहेबांनी एक रीतही घातली. ज्या घराची पाळी असेल, त्यानं त्या आठवड्यात बोलणं तुटलेल्या एका घरी जाऊन चहा प्यायचा आणि मगच मेणबत्ती लावायची.

पण माणसं हुशार. रोजची उठबस असलेल्या घरीच चहा प्यायचा आणि रविवारी सांगायचं, जाऊन आलो. चर्चला रंग दिला, चांदणी टांगली, करंज्यांचे डबे भरले, की झाली नाताळची तयारी. असल्या मेणबत्त्यांचं मेण अंगावर घेऊन मला शीण आला.

पुंजारामची बायको कांताबाईही त्यातलीच. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या फराळाला ती चारचौघांत म्हणाली, की धाकट्या जावेच्या, तुळजाबाईच्या करंज्या आतून कच्च्या आहेत. तुळजाबाई रुसून नवऱ्यासोबत, भारतसोबत, जालन्याच्या खोलीवर निघून गेली. महिन्याभरात पुंजाराम आजारी पडून वारला. भारत मातीला आला, तुळजाबाई दिसली नाही. ते कांताबाईच्या जिव्हारी लागलं. प्रीतीची मेणबत्ती तिच्या घराकडं होती. पुढची दोन्ही वर्षं तिनं शेजारच्या काकासाहेबांकडं चहा पिऊन ती लावली. काकासाहेब म्हणजे चर्चचे कारभारी. त्यांच्याशी तिचं कधी वाजलेलंच नव्हतं.

यंदा तिसऱ्या रविवारी काकासाहेब माझ्यावरचं मेण खरवडत होते, तेव्हा चौथी वाटी टाक्यापासून निखळली. बाजारातून लाइटवाली रिंग आणू, जल्दी काम होईल, असं ते म्हणाले.

"न्हाई," कांताबाई म्हणाली. "ही त्यांच्या हातची हाय."

तिनं मला पिशवीत घातलं. मंठ्यात वेल्डिंगची दोन दुकानं लागली. दोन्हींवरून ती पुढं गेली आणि जालन्याच्या जीपमध्ये बसली. वाटी हे नुसतं निमित्त आहे, हे मला तेव्हाच कळलं.

भारत कामावर गेला होता. दार तुळजाबाईनं उघडलं. कांताबाईनं मला पुढं केलं आणि वाटी निखळल्याचं सांगितलं. तुळजाबाईनं मला छातीशी धरलं.

"मातीला आल्ते मी, बाई," ती म्हणाली. "फाटकापसून मागं फिरले. म्हणलं, कोणत्या तोंडानं जाऊ?"

कांताबाई उंबऱ्यावरच बसली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "करंज्या कच्च्या नव्हत्या, तुळजा. समदे तुझं कौतुक करून राह्यलते, ते मला बघवलं न्हाई." मग म्हणाली, "चहा टाक."

जाताना तिनं मला मुद्दाम तिथंच ठेवलं. रविवारी तुम्हीच घेऊन या, एवढंच बोलली.

रविवारी आमची जीप वाटेत पंक्चर झाली. मी तुळजाबाईच्या मांडीवर होते. ती सारखी रस्त्याकडं बघायची. आम्ही पोचलो तेव्हा गाणी दोनदा म्हणून झाली होती. टेबलावर काकासाहेबांची लाइटवाली रिंग तयार होती. तिच्यापुढं कांताबाई उभी होती आणि कुणाला बटण दाबू देत नव्हती. इतक्या वर्षांत त्या चर्चमध्ये कुणी खरोखर वाट पाहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

कांताबाईनं काडेपेटी तुळजाबाईच्या हातात दिली. दारातून वारा येत होता, दोन काड्या विझल्या. तिसरीला कांताबाईनं दोन्ही हातांचा आडोसा केला. भारतनं वाटीला मारलेला नवा टाका जरा तिरका बसला होता, त्यामुळे मेणबत्ती कलली आणि सगळं मेण माझ्यावर सांडलं. त्या मेणाचा मला शीण वाटला नाही.

मित्रांनो, मी आता परत पेटीत आहे आणि गंज चढतो आहे. जमलं तर मला घासा, तेलाचं बोट लावा. तेवढं नाही जमलं तरी चालेल. पण पुढच्या आगमनकाळात मला बाहेर काढण्याआधी पायात चपला घाला आणि ज्या घरी जायला पाय जड होतात, तिथं जाऊन या. तोवर मी थांबते.