बुडालेल्या दरीची पेटी

मी एक जुनी अक्रोडाची पेटी आहे. मला घडवून झाल्यावर जुमादिल सुतारांनी माझ्या झाकणावर थाप मारली आणि म्हणाले, "एवढं घट्ट झाकण बरं नव्हे गं. चोर बाहेर राहतो हे खरं, पण एखादा आधीच आत असला तर त्याचीही तू राखणच करशील." मी मनातल्या मनात हसले. जिथे वारा शिरत नाही, तिथे चोर कुठून येणार? मित्रांनो, तेव्हा मला माझ्या लाकडाची ताकद ठाऊक होती. किड्याची नव्हती.

नारिन गावच्या विद्यापीठात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. तिथल्या साठ पेट्यांतली मी एक. माझ्या पोटात एकशे बारा कागद आहेत. प्रत्येक कागदावर एक झाड आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी: नाव काय, कुठे सापडलं, कधी खुडलं. ही सगळी झाडं एकाच दरीतली. ती दरी आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी चढण्याआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यात, त्याच दरीत वाढलेल्या साकिन एजेंनी घोड्यावरून फिरून ती गोळा केली. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. आता अख्खं गाव त्यांना एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणतं. दुकानात गोंद मिळत नव्हता म्हणून त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि एकेक चिठ्ठी स्वतःच्या हाताने चिकटवली.

दूरदूरचे अभ्यासक मला बघायला येत. एजे झाकण उघडून सांगत, "जरा हळू श्वास घ्या. हे माझं माहेर आहे."

त्यांचा एक नियम होता. बाहेरची काडीसुद्धा तशीच आत येऊ द्यायची नाही. नवीन झाड आलं की आधी कडाक्याच्या थंडीत ठेवायचं, म्हणजे अंडी मरतात. दर हिवाळ्यात आम्हा पेट्यांनाही पाळीपाळीने आठ दिवस गच्चीवर काढत. कुणी म्हणालं, यंत्र घ्या, तर एजे म्हणत, "कशाला? नारिनची थंडी फुकट आहे आणि कधी बिघडत नाही!"

मग संग्रह सांभाळणाऱ्या एजे निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी बुरुल आली. तिची मुलगी बेगाय तेव्हा पाळण्यात होती, घरी सासूजवळ. बुरुलचा एक कान सतत फोनकडे असे. कडी लावली तरी ती परत येऊन हलवून बघे. मला ते आवडायचं.

एका शरद ऋतूत छताजवळचा नळ फुटला आणि शेजारच्या दोन पेट्या भिजल्या. बुरुल फार घाबरली. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून आद्राश्मान या रानझुडपाची वाळलेली जुडी काढली. नजर लागू नये म्हणून इथे घरोघरी ही जुडी दारावर टांगतात, पाळण्याशी तिची धुरी देतात. "आमच्या बेगायचा ताप हिनेच उतरला बरं का," ती मला म्हणाली, "आता तुला काही होणार नाही." तिने जुडी माझ्या आत, सगळ्यात वरच्या कागदावर ठेवली आणि झाकण लावलं. नियम ती विसरली नव्हती. पण ती जुडी तिला झाड वाटलीच नाही, औषध वाटलं.

जुडीत अंडी होती.

तिळापेक्षा लहान, तपकिरी किडे. ते आधी खळीवर तुटून पडले. दिवसरात्र मला कुरतडण्याचा आवाज येई. मला ओरडता येईना, झाकण उचलता येईना. बुरुल रोज येई, माझी धूळ पुसे, कडी हलवून बघे आणि निश्चिंत होऊन जाई. मला जुडीची राखण आहे म्हणून दोन हिवाळे तिने मला गच्चीवरही नेलं नाही. जे झाकण मला भूषण वाटे, त्याच्याखाली मी माझ्याच लेकरांचं खाणं ऐकत बसले.

या हिवाळ्यात एजे सहज भेटायला आल्या. माझ्या सांध्यावरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला पिवळसर भुकटी लागली.

"बुरुल, ही कधी उघडली होतीस?"

"रोज पुसते ना, एजे."

"पुसण्याचं कोण विचारतंय? घोड्याला खरारा केला म्हणजे त्याचं पोट भरतं का?"

झाकण उघडलं. झाडं बरीचशी शाबूत होती, पण चिठ्ठ्यांची चाळण झाली होती. कोणतं झाड कुठल्या ओढ्याकाठचं, हे आता कळायला मार्ग नव्हता. एजेंनी जुडी दोन बोटांत उचलली. "वा! नजर गेली की नाही माहीत नाही, किड्यांचं मात्र बारसं झालं."

बुरुल रडू लागली.

"लांब हो आधी, कागदावर पाणी पडेल. अगं, अक्षरं गेली, मी आहे ना अजून! सगळं पाठ आहे मला. आधी हिला गारठवू. आठ दिवसांनी मी येते. मी सांगेन, तू लिही. तोवर हिला कुणी आत आणू नका." त्यांनी मला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि जाताना बुरुलच्या गालावर हलकी चापट मारली.

गच्चीवरच्या थंडीत माझ्या फळ्या कडकड वाजल्या. कुरतडण्याचे आवाज एकेक करून थांबले. आठव्या दिवशी आत अगदी शांत झालं.

मित्रांनो, आज सतरावा दिवस आहे. बर्फ वितळून पागोळ्या माझ्यावर गळताहेत. एजे आल्या नाहीत. बुरुल रोज गच्चीच्या दाराशी येते, फोन काढते आणि परत ठेवते. काल रखवालदाराला म्हणाली, "रागावल्या असतील हो. कोणत्या तोंडाने बोलावू?" पण ती चापट मी पाहिली आहे. तो राग नव्हता. आणि तीस वर्षांत एजे ठरल्या दिवशी आल्या नाहीत, असं एकदाही घडलेलं नाही. त्या एकट्या राहतात. मुलगा कामासाठी रशियात आहे. कडी हलवून बघणं म्हणजे विचारपूस नव्हे, हे मी फार उशिरा शिकले. बुरुलला ते सांगायला मला तोंड नाही आणि निघून जायला पाय नाहीत.

तुम्हाला आहेत. पावभट्टीच्या मागे पिवळी इमारत आहे. तिसरा मजला, निळं दार. जिना चढतानाच हाक मारा, म्हणजे त्या दचकणार नाहीत. उत्तर आलं नाही तर शेजारच्यांना उठवा, पण परत फिरू नका. साकिन एजे बऱ्या आहेत ना, तेवढं बघून या.