उन्हाचा शिक्का

त्र्याऐंशी सालचा चैत्र. वणीच्या रस्त्यावरच्या मैदानात भर बाराला शे-दीडशे म्हातारी माणसं उघड्या डोक्यानं बसली होती. सूर्यबाबा तेवढे मांडवाच्या सावलीत लोडाला टेकून ओरडत होते, "देव स्वतः शिक्का मारणार! पापी असेल त्याला उमटणार नाही!"

सकाळी बाबा प्रत्येकाच्या मनगटावर तीर्थानं गोल काढत. दोन दिवसांनी तिथे काळसर गोल उमटे. कुणाला उमटला नाही तर ते माणूस मान खाली घालून घरी जाई.

माझ्या शेजारच्या सगुणाबाईंच्या दोन्ही हातांवर कोड होतं. नातीची सोयरीक त्यावरच अडलेली. नवऱ्या मुलाचे वडील कारभारी म्हणाले होते, "आजीला शिक्का उमटू द्या, मग सुपारी फोडू." बाबांनी कोडाच्या सगळ्या जागेवर तीर्थ चोळलं. म्हातारी तीन दुपारी बसली. हातांवर टरारून फोड आले.

"पाप जळतंय, माय!" बाबा म्हणाले. बिचारी खूश झाली.

माझं डोकं फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. बाबांकडून दोन्ही मनगटांवर गोल काढून घेतले आणि डावं मनगट दोन दिवस जाड फडक्यात गुंडाळलं, उजवं उन्हात उघडं ठेवलं. उजवीकडे गोल उमटला, डावीकडे काही नाही. मैदानात जाऊन मी दोन्ही हात वर केले.

"बाबा, माझा उजवा हात पुण्यवान आणि डावा पापी का?"

"तुमची श्रद्धा कमी पडली!"

"डाव्या हाताचीच?"

लोक हसले. मग मी सांगितलं. फडक्याला लागलेलं तीर्थ शहरात रविवार कारंजावरच्या वैद्यांनी वासावरून ओळखलं होतं: बावचीच्या औषधी बियांचं तेल. ते लावून उन्हात बसलं की कातडी भाजून काळी पडते, झाकली तर काही होत नाही. ज्या बायांनी हातावर पदर ओढून घेतला, त्याच पापी ठरल्या होत्या!

बाबा त्याच संध्याकाळी पसार झाले. कारभारी मात्र म्हणाले, "बाबा लबाड निघाला खरा. पण आजीला गोल नाय उमटला तो नायच." सोयरीक मोडली.

दवाखान्यात सगुणाबाईंचे हात पट्ट्यांनी बांधलेले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, अजून एक दुपार बसले असते, तर उमटला असता का वं?"

मला रडू आलं आणि संतापही. म्हातारपणी कातडी पातळ होते, कोडाच्या जागी तर ऊन अडवायला रंगच नसतो; तिथे काळा गोल उमटणार कुठून, नुसते फोड येतात. आपल्या म्हाताऱ्यांना दुपारी सावलीत बसवा, डोकं आणि हात झाकायला सांगा. कोड शिवल्यानं लागत नाही, ते कुणाच्या पापाचंही नाही. अशा आजीच्या घरात खुशाल सोयरीक जोडा.