ओढ्याकडचा पट्टा

दुधाची गाडी पुरती थांबायच्या आतच टकळीने खाली उडी मारली, पिशवी खांद्यावर टाकली, ड्रायव्हरला "येते हं!" म्हणून हात केला आणि फाटकाची कडी काढता काढता तशीच थबकली. शेतातून आवाज येत होता. एका ट्रॅक्टरचा नव्हे, दोन-तीन ट्रॅक्टरांचा. आणि त्यातला एक खोकत होता.

असा अडखळत, दमेकऱ्यासारखा खोकणारा ट्रॅक्टर सगळ्या पंचक्रोशीत एकच. थोरल्या काकांची 'म्हातारी'. आजोबांनी घेतलेली, एकेकाळी तांबडी, आता जिथे रंग आहे तिथे तांबडी आणि जिथे नाही तिथेही गंजामुळे तांबडीच. पण म्हातारीने खोकायचं ते काकांच्या शेतात. टकळीच्या शेतात तिला यायचं कामच नव्हतं. या शेतात सात वर्षं नांगर म्हणून लागला नव्हता.

तिने पिशवी फाटकावरच अडकवली आणि धावत सुटली.

शेताचा रंग बदलला होता. पंधरवड्यापूर्वी ती आईबाबांबरोबर इस्पितळात गेली तेव्हा त्यावर मागच्या पिकाची धसकटं होती, कुजका पाचोळा होता, भुरकट जुन्या गोधडीसारखं ते पसरलेलं होतं. आता सगळं काळं, चकचकीत, पोट वर करून पडलेलं. नांगरामागून पांढरे पक्षी तुरुतुरु चालत होते, वाकत होते, टिपत होते. त्यांची मेजवानी चालली होती.

"आली का टकळी!" बांधावर बसलेला गॅरेजवाला ओरडला. त्याचा स्वतःचा निळा ट्रॅक्टर काम संपवून सावलीत उभा होता. "बघ, बघ! बाप घरी यायच्या आत शेत तयार. आता का जीभ टाळ्याला चिकटली? एरवी तर तुला थांबवायला ब्रेक लागतात!"

खरंच चिकटली होती. त्या भागात एक रीत होती. ज्याच्या घरात आजारपण, त्याची हिवाळा सरल्यावरची नांगरणी बाकीच्यांनी करायची. कुणी बोलवायचं नाही, कुणी विचारायचं नाही. आपापला ट्रॅक्टर, आपापलं डिझेल. दारू पिऊन पडलेल्याचंही शेत लोकांनी असंच नांगरून दिलेलं टकळीला आठवत होतं. चांगलीच रीत होती. पण बाबांच्या शेताला काय झालं होतं म्हणून ते नांगरायचं?

बाबा म्हणायचे, "नांगरणं म्हणजे दरवर्षी लोकांची घरं पाडायची आणि वर म्हणायचं, बघा, आता कशी हवा खेळते!" लोक म्हणजे गांडुळं. बाबा न नांगरताच पेरायचे. धसकटांमधून बारीक चीर पाडायची, बी सोडायचं, बाकी जमिनीवर सोपवायचं. पहिली तीन वर्षं पीक असं आलं की लोक रस्त्यावर थांबून हसले. "तुझ्या बापाची शेती म्हणजे भांडी न घासता जेवायची सोय," गॅरेजवालाच म्हणाला होता. बाबा नुसते हसायचे आणि एक लोखंडी सळई घेऊन शेतात जायचे. ती एका हाताने जमिनीत दाबायची आणि कुठपर्यंत जाते ते बघायचं. पहिल्या वर्षी ती बोटभर जाऊन अडली. मागच्या पिकानंतर ती लोण्यात जावी तशी हातभर गेली, तेव्हा बाबांनी आख्ख्या गल्लीला हाक मारली होती. आली फक्त टकळी. दोघांनी तिथे उभ्या उभ्या नाच केला होता.

इस्पितळातही बाबा औषधाच्या गुंगीत तेच विचारत. "कुणी शेतात पाय नाही ना ठेवला?"

"थांबा!" असं ओरडायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. थोरले काका खाली उतरले. टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि टकळीच्या डोक्यावर हात ठेवला.

"कसा आहे गं तो?"

या प्रश्नाला सात वर्षं लागली होती. बाबांनी आजोबांचा नांगर भंगारात दिला त्या दिवशी काका फाटकात उभं राहून म्हणाले होते, "बापाने ज्यावर घर उभं केलं ते तू किलोवर विकलंस." त्यानंतर कुणाच्या लग्नात समोरासमोर आले तर दोघंही बुटाची नाडी बांधायला वाकत. टकळीला लहानपणी वाटायचं, मोठ्या माणसांच्या नाड्या फारच सुटतात.

"बरे आहेत," ती म्हणाली. "दुपारी घरी आणतायत. काका... तुम्ही बाबांना विचारलं होतं?"

"आजारी माणसाला विचारतात होय?" काकांनी टोपी परत घातली. "मी काय म्हटलं, तो आला आणि शेत असं ओसाड दिसलं, तर अंथरुणात पडल्या पडल्या झुरेल. एवढा ओढ्याकडचा पट्टा राहिलाय. तोही उरकतो."

ती घरामागे गेली आणि आईला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, कुणी काय नांगरलं, पक्षी काय खातायत, काका काय म्हणाले, आणि तू आत्ताच्या आत्ता काकांशी बोल, अजून पट्टा वाचेल.

पलीकडे इस्पितळाच्या जिन्यातले पाय वाजत होते.

"काका स्वतः आलेत?" आईने विचारलं.

"हो, पण आई..."

"आपल्या फाटकातून आत आले?"

"अगं हो! पण शेत..."

"ऐक. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. इथे ठेवून काही..." आईने श्वास घेतला. "इथे ठेवून काही उपयोग नाही. कळलं ना तुला? काकांना काही बोलू नकोस. सगळ्यांना चहा कर."

टकळीने फोन खाली ठेवला आणि चहा केला. साखर किती घातली ते तिला आठवेना, म्हणून पुन्हा घातली.

किटली घेऊन ती शेताकडे गेली तेव्हा बाकीचे ट्रॅक्टर फाटकाजवळ लागले होते. म्हातारी मात्र ओढ्याकडच्या पट्ट्याच्या तोंडाशी गप्प उभी होती. फाळ अजून वरच होता. काका खाली उकिडवे बसले होते, पाठ तिच्याकडे. त्यांनी न नांगरलेल्या जमिनीवरचा पाचोळा बाजूला केला होता आणि उजवा हात जमिनीत घातला होता. दाबत नव्हते. हात आपणच मनगटापर्यंत गेला होता. ते तो तसाच ठेवून बसले होते, एखाद्या जनावराच्या अंगावर ठेवावा तसा.

तिचं पाऊल वाजलं तसा त्यांनी हात चटका बसल्यासारखा बाहेर काढला. मुठीत माती होती. त्यांनी ती नांगरलेल्या बाजूच्या ढेकळांशेजारी टाकली, दोन्हींकडे पाहिलं, आणि पँटला हात पुसत उठले.

"बंद पडली म्हातारी," ते म्हणाले. "राहिला पट्टा."

"बघू का?" गॅरेजवाला लगेच पाना शोधायला लागला.

"तू हात लावलास की ती आणखी दोन दिवस रुसते. जा घरी, बायको वाट बघत असेल."

"ती कशाला वाट बघतेय! मी बाहेर असलो की तिचं घर आवरून होतं."

सगळे हसले, गोडमिट्ट चहाला कुणी काही म्हणालं नाही, आणि एकेक ट्रॅक्टर रस्त्याला लागला. काका तेवढे थांबले.

दुपारी गाडी आली. बाबांना दोन उशांमध्ये बसवलं होतं. घराच्या पायरीशी गाडी थांबताच ते म्हणाले, "आधी शेत."

"अहो, आधी आडवे तर व्हा," आई म्हणाली.

"आडवं व्हायला आता वेळच वेळ आहे."

त्यांनी टकळीच्या खांद्यावर हात टाकला. बाबांचं सगळं वजन तिच्यावर आलं, तरी ते दप्तराएवढंसुद्धा नव्हतं. गाडीतून उतरवताना त्यांना सांगून टाकावं असं तिला दहादा वाटलं होतं. आता घराचा कोपरा वळला की दिसणारच होतं, आणि ती मूग गिळून एकेक पाऊल टाकत होती.

कोपरा वळला. बाबा थांबले.

त्यांची बोटं तिच्या खांद्यात रुतली, इतकी की या माणसात एवढा जोर उरलाय याचं तिला नवल वाटलं. मग हळूहळू सैल झाली. बाबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं शेत पाहून घेतलं, नांगराचा एकेक तास, ओळीने, एकही न गाळता. पलीकडून काका ढेकळं तुडवत येत होते. टोपी हातात.

दोघंही वाकले नाहीत.

"किती वाळलास रे," काका म्हणाले.

"तू कुठे पैलवान राहिलायस, दादा."

बाबांनी टकळीच्या आधाराने खाली वाकून एक ढेकूळ उचललं. बोटांत फोडलं. आत गांडुळाचा अर्धा तुकडा वळवळत होता. बाबांनी तो ढेकळासकट मुठीत झाकून घेतला.

"सरळ काढलेस तास," ते म्हणाले. "आपल्या बाबांसारखे."

काकांनी हातातली टोपी फिरवली. "ओढ्याकडचा पट्टा राहिला. म्हातारी बंद पडली."

बाबांनी पट्ट्याकडे पाहिलं. भुरकट गोधडीची एक चिंधी उरावी तसा तो ओढ्याच्या कडेने पडला होता. मग भावाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"राहू दे," ते म्हणाले. "वय झालंय तिचं. चल आत, चहा घेऊ."

बाबांना आतल्या खोलीत निजवलं. काका खुर्ची ओढून पलंगाला चिकटून बसले. स्वयंपाकघरात टकळी कप विसळत होती, म्हणजे आपटत होती.

"फुटतील," आई म्हणाली.

"बाबा बोलले का नाहीत काही? सात वर्षं, आई! सात वर्षं लोकांची बोलणी खाल्ली त्यांनी!"

"मला सांगतेस? ती बोलणी माझ्याही ताटात होती."

"मग?"

"जमीन पुन्हा होईल. ओढ्याकडून सुरुवात करायची. तुझं कॉलेज संपेपर्यंत होईल."

"आणि बाबा?"

आईने गॅस बंद केला. आतून हसण्याचा आवाज आला. लहानपणी म्हातारीच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून कोण झोपलं, कोण खाली पडलं, आणि मार कुणी खाल्ला, यावरून आत भांडण लागलं होतं. बाबांना हसताना खोकला आला, खोकता खोकता ते म्हणाले, "तूच पडलास! तूच!"

"हे ऐक," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात रोज हा आवाज असायचा."

टकळीने पुढचा कप हळूच ठेवला.

ऊन उतरलं तसे काका उठले. "येतो उद्या," पलंगाकडे न बघता म्हणाले. आईने टकळीला खूण केली, सोबत जा. ट्रॅक्टर बंद, म्हणजे काका पायीच जाणार, निदान रस्त्यापर्यंत तरी.

काका रस्त्याकडे वळले नाहीत. ते सरळ म्हातारीपाशी गेले, वर चढले आणि किल्ली फिरवली. म्हातारी एकदा खोकली आणि पहिल्या झटक्यात चालू झाली.

टकळी बघतच राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फाळ आणखी वर घेतला, अगदी वर, जेवढा उचलेल तेवढा. ओढ्याकडचा पट्टा आडवा ओलांडला की त्यांचं घर समोरच होतं. पण त्यांनी तोंड उलटं फिरवलं. सकाळी आपणच नांगरलेल्या ढेकळांवरून, सगळ्या शेताला वळसा घालून, आदळत, हेलकावत म्हातारी लांबच्या वाटेने निघाली. बराच वेळ तिचं खोकणं ऐकू येत राहिलं. पट्ट्यावर चाक काय, चाकाची सावलीही पडली नव्हती.

ती घरात आली तेव्हा बाबा जागे होते. त्यांच्या खिडकीतून फक्त अंगण दिसायचं, शेत दिसायचं नाही. आवाज मात्र सगळे यायचे.

"चालू झाली का म्हातारी?" त्यांनी विचारलं.

टकळी दारातच उभी राहिली.

"ढकलावी लागली," ती म्हणाली.

"तू ढकललीस?"

"हो. मीच."

बाबांनी मान हलवली. एकट्या मुलीच्याने तो ट्रॅक्टर जागचा हलणार नाही हे या घरात तान्ह्या पोरालाही कळलं असतं. त्यांनी पांघरूण सारखं केलं, डोळे मिटले.

"जड आहे ती," ते म्हणाले. "जा, हात धू. ग्रीस लागलं असेल."

ती मोरीत गेली. नळ सोडला, साबण घेतला, आणि आपले स्वच्छ हात कितीतरी वेळ चोळून चोळून धूत राहिली.