वहीत मी एकटाच

मी देवळा गावाजवळच्या डोंगरावरचं एक झुडूप बोलतोय. नाव विचाराल तर पंचाईत आहे. खालच्या वस्तीत 'ते कडू' एवढ्यावरच माझं भागतं. शेळ्या एकदा माझं पान चावतात आणि जन्मभर मला वळसा घालून जातात.

मला माणसांचं भारी कुतूहल. पायथ्याला बियाण्याच्या कांद्याची शेतं आहेत. कांद्याला पांढरे गोल डोंगळे फुलले की बायका सऱ्यांतून फिरतात आणि प्रत्येक फुलावरून हलकेच तळहात फिरवतात. हल्ली मधमाश्या फार दिसत नाहीत, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, लाड करताहेत.

यंदा थंडी सरताना मी फुललो आणि चैतालीबाई वर आल्या. त्या मनमाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. तीन दिवस सगळा डोंगर पालथा घालून त्या माझ्यापाशी बसल्या, टेप लावून माझी उंची मोजली आणि वहीत लिहिली. आपली कोणी उंची मोजावी, याचं मला केवढं अप्रूप!

खालच्या वस्तीतल्या नवसाबाई जवळच शेळ्या चारत होत्या.

"मावशी, असं झुडूप आणखी कुठे पाहिलंत?"

"नाय बा."

"मग हे एकच उरलं. अतिसंकटग्रस्त. दुसऱ्या झुडपाचे पराग मिळाल्याशिवाय याला बी धरत नाही. हे गेलं की संपलं."

अकरा वर्षं माझी फुलं नुसतीच का गळतात, ते मला तेव्हा कळलं. मी उगाच वाऱ्याला बोल लावत होतो. खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटलं.

"मंग आता डोंगर बंद करतील का?" नवसाबाईंनी विचारलं. "शेळ्या कुठं न्यायच्या म्या?"

"ते अजून ठरलेलं नाही, मावशी."

नवसाबाईंनी हाक न मारताच शेळ्या खाली वळवल्या. एरवी त्या शेळ्यांशीसुद्धा तासन्‌तास बोलतात, म्हणून मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या शेळ्यांशिवायच आल्या. पदरात फुलं होती. हुबेहूब माझ्यासारखी, पण माझी नव्हेत!

"लगीन होऊन आले तव्हा पलीकडच्या टेकडीवरून चार फांद्या आणल्या व्हत्या," त्या मलाच सांगू लागल्या. "शेळ्या खात नाय म्हणून कुंपणात खोवल्या. एक जगली. ती टेकडी तर मुरमासाठी खणून नेली. त्या बाईला सांगितलं नाय म्या. सांगितलं तर डोंगरासंगं माझ्या कुंपणालाबी तार ठोकतील ना रे!"

मग त्यांनी ती फुलं माझ्या एकेका फुलावरून हलकेच फिरवली, अगदी डोंगळ्यांवरून हात फिरवावा तशी. ते नुसते लाड नसतात, हे मला त्या दिवशी समजलं. थोडे असतात मात्र.

उन्हाळ्यात चैतालीबाई पुन्हा आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "एकट्याला शेंगा? कशा काय?"

नवसाबाईंनी मला वळसा घालून जाणाऱ्या शेळ्यांकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "बाई, आधी हे लिवा. माझ्या शेळ्या ह्याला तोंड लावत नाय. मंग खाली चला. कुंपण दाखवते."

चैतालीबाईंनी जसंच्या तसं लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. मग दोघी उतरणीला लागल्या. नवसाबाईंचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.

संध्याकाळी परत येऊन चैतालीबाईंनी माझ्याजवळ वही उघडली, एक खोडून दोन लिहिलं. त्या दुसऱ्याला मी कधी पाहणार नाही. पण माझ्या शेंगांत आता आमच्या दोघांचं बी आहे.

तुमच्याही कुंपणात एखादं बिननावाचं झुडूप असेल. उपटायला हात घालण्याआधी एकदा डोंगराकडे बघा. तिथे त्याचं कोणीतरी फुलून वाट बघत असेल.