शेवटच्या गाण्यानंतर

"शेवटचं नसताना शेवटचं कसं म्हणायचं?" डेलने विचारलं.

नोएलने बेस गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला आणि छताकडे पाहिलं. सिडनीच्या दक्षिणेला, पोर्ट केंब्ला ह्या पोलाद कारखान्याच्या गावातला हा पब रविवारी दुपारनंतरच जागा व्हायचा. बारमागची बाई ग्लास पुसत होती, दोन म्हातारे कोपऱ्यात घोड्यांच्या शर्यती बघत बसले होते. आवाजाची चाचणी आटोपली होती आणि डेल एवढ्याशा गोष्टीवर अडून बसला होता.

"अरे बाबा, रीत असते ती," नोएल म्हणाला. "आपण म्हणायचं, हे शेवटचं. वाजवायचं. आत जायचं. लोक पाय आपटतात, ओरडतात. मग त्यांचं मन मोडवत नाही असा चेहरा करून परत यायचं आणि आणखी दोन वाजवायची. जगातला प्रत्येक बँड हेच करतो."

"लोकांना माहीत असतं?"

"शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं!"

"मग खोटं कोणासाठी बोलायचं?"

ड्रमच्या मागे बसलेली ग्लेनिस खो खो हसली. डेलची ही थोरली बहीण. "दे आता उत्तर," ती नोएलला म्हणाली.

नोएलला हसू आलं नाही. ह्याच प्रश्नाने त्याचं अख्खं आयुष्य पाण्यात घातलं होतं. तेव्हा तिघंही ऐन पंचविशीत होते, त्यांचं एक गाणं रेडिओवर दिवसभर वाजायचं, आणि सिडनीच्या मोठ्या थिएटरात लंडनच्या कंपनीची माणसं पहिल्या रांगेत येऊन बसली होती. डेल माईकवर म्हणाला, हे आमचं शेवटचं गाणं. ते त्याने असं गायलं की थिएटर उभं राहिलं. मग त्याने गिटार पेटीत ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेला. लोक पाय आपटत राहिले. नोएल आणि ग्लेनिस पडद्याआड उभे. आधी शिट्ट्या, मग शिव्या, मग बाटल्या. कंपनीची माणसं उठून गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, यशाचा माज किती लवकर चढतो बघा. नोएललाही तेच वाटलं. बँड मोडला. नोएल गावी परतला आणि लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवू लागला. डेलही त्याच गावात घरच्या गॅरेजमध्ये लोकांचे बिघडलेले अँप्लिफायर दुरुस्त करायचा. सुपरमार्केटमध्ये तो दिसला की नोएल आपली ट्रॉली दुसऱ्या रांगेत वळवायचा.

गेल्या महिन्यात ग्लेनिस दारात येऊन उभी राहिली. समुद्रावर लोकांना वाचवणाऱ्या क्लबला नवी बोट घ्यायची होती, त्यासाठी एकदा वाजवाल का, म्हणून. जाता जाता तिने सांगितलं, डेलला ऑटिझम आहे. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी नाव दिलं. "आपण त्याला माजोरडा म्हणत होतो रे," ती म्हणाली.

"नाव मिळालं म्हणून माझी वर्षं परत मिळणार आहेत का?" असं नोएल तिच्या तोंडावर बोलला होता. तरी तो आला. बोट वगैरे ठीक होतं, पण त्याला सिडनीची राहिलेली ती दोन गाणी हवी होती. इतकी वर्षं ती त्याच्या घशात अडकून बसली होती.

"आज परत यायचं, समजलं?" त्याने डेलला बजावलं. "काही झालं तरी."

"येतो," डेल म्हणाला.

तीनपर्यंत पब तुडुंब भरला. तेव्हाची पोरं आता टकली झाली होती, कोणी लेकीसुनांना घेऊन आलं होतं. डेलने कानांवर पोलादाच्या कारखान्यात घालतात तसली जाड कानझाकणं चढवली आणि लोकांकडे पाठ करून, ग्लेनिसच्या ड्रमकडे तोंड करून उभा राहिला. पूर्वी पेपरवाल्यांनी ह्या पाठीवरही लिहिलं होतं. पण आवाज तसाच होता. पहिल्या ओळीलाच नोएलची बोटं आपोआप जागेवर गेली आणि त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

ठरलेली गाणी संपत आली तसा डेल वळला. माईकपाशी वाकला.

"हे शेवटचं गाणं नाही," तो म्हणाला. "हे झालं की आम्ही त्या दारामागे उभे राहू. तुम्ही ओरडाल. मग आम्ही येऊन आणखी दोन वाजवू. ज्यांचं मटण ओव्हनमध्ये आहे त्यांनी आत्ता गेलं तरी चालेल."

हास्याचा स्फोट झाला. "आत्तापासूनच ओरडू का रे?" कोणीतरी विचारलं.

"नाही. आधी गाणं."

गाणं झालं. दारामागे बियरच्या पिंपांमध्ये जेमतेम उभं राहण्यापुरती जागा होती. बाहेर लोकांनी पब डोक्यावर घेतला. डेलने कानझाकणांवर दोन्ही हात दाबले, डोळे मिटले, आणि तो भिंतीला टेकून थरथरू लागला. नोएल बघत राहिला. सिडनीला त्याने हे पाहिलं नव्हतं. माज असा दिसत नाही, एवढं त्याला कळलं.

"राहू दे," नोएल म्हणाला. "आम्ही सांगतो काहीतरी."

"येतो म्हणालो होतो," डेल म्हणाला आणि दार उघडून निघाला.

दोन्ही गाणी झाली. "आता खरंच संपलं," डेल म्हणाला, आणि गिटार घेऊन मागच्या दाराने गेला. लोक थांबेनात. ग्लेनिसने काठ्या उचलून नोएलकडे पाहिलं. दोघांना रेटता आलं असतं एखादं, आणि नोएलला ते हवंही होतं, का नसावं? तो माईकपाशी गेला.

"संपलं म्हणाला ना तो? कान आहेत ना तुम्हाला? जा घरी, मटण करपेल."

डेल व्हॅनमध्ये मागे, अँप्लिफायरवर बसला होता. नोएल आत चढला आणि मध्ये अंतर ठेवून बसला. कारखान्याचा धूर समुद्राकडे चालला होता.

"सिडनीला पण असाच व्हॅनमध्ये बसला होतास?"

"ती व्हॅन निळी होती."

"तेच रे. काय करत होतास?"

"तुमची वाट बघत होतो," डेल म्हणाला. "शेवटचं गाणं झालं होतं. मला वाटलं, तुम्ही मागोमाग याल."

"मग विचारायचं नाही, का आला नाहीत म्हणून?"

"विचारलं होतं. तू शिव्या देत होतास. तुला ऐकू गेलं नाही."

पबमध्ये अजून कोणीतरी पाय आपटत होतं. नोएल उठला, व्हॅनचं दार आतून ओढून घेतलं, आणि परत येऊन डेलच्या शेजारी बसला.