संताचा अंगठा

१९७३ साली कलकत्त्यात, भवानीपूरच्या एका भाड्याच्या सभागृहात चारुदत्त राजवाडेच्या फिल्म सोसायटीने इटालियन चित्रपट लावला. मध्ययुगीन ख्रिस्ती मठातल्या जोगिणींची गोष्ट, एवढंच पत्रकात होतं. चारुदत्तला वाटलं, भक्तिपर असणार. म्हणून त्याने बायकोला शाळेत शिकवलेल्या वृद्ध इटालियन जोगीण सिस्टर आग्नेझेंना पहिल्या रांगेत बसवलं.

आयत्या वेळी कळलं की प्रिंटवर खाली भाषांतर नाही.

"शकुन, तुला इटालियन येतं. माइकवर सांग ना बंगालीत," चारुदत्त बायकोला म्हणाला.

शकुन जन्माची कलकत्त्याची, त्यामुळे बंगालीची अडचण नव्हती. इटालियन तिला सिस्टरांनीच शिकवलं होतं. ती पडद्याशेजारी जाऊन बसली.

दहाव्या मिनिटाला तिच्या तोंडचं पाणी पळालं. उपास चाललेल्या मठात बदकं भाजली जात होती. बिशप अचानक आला, तेव्हा एका तरुण जोगिणीचा प्रियकर, गावातला दारू विकणारा, अंगावर चादर ओढून संताचा पुतळा होऊन उभा राहिला. जोगिणी भराभरा कुजबुजत होत्या. त्यातला एकही शब्द सिस्टरांसमोर उच्चारण्यासारखा नव्हता.

"त्या प्रार्थना करताहेत," शकुन माइकवर म्हणाली.

बिशपने वाकून पुतळ्याच्या पायाच्या अंगठ्याचं चुंबन घेतलं. पुतळा गुदगुल्यांनी खिदळला. मठाची मुख्य जोगीण ओरडून काहीतरी लांबलचक बोलली.

"पुतळ्याची दुरुस्ती करायला हवी," शकुन म्हणाली.

"एवढं मोठं वाक्य आणि इतकंच?" मागून कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सिस्टर उठल्या. काठी टेकत आल्या आणि शकुनच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. शकुनने माइकवर हात ठेवला.

"हे मी शिकवलं तुला?" त्या कानात म्हणाल्या. "ती म्हणाली, 'चमत्कार! पण महाराज, दुसऱ्या पायाच्या वाटेला जाऊ नका. तो संत त्या पायाने लाथा मारायचा.' सांग!"

शकुनने सांगितलं. सभागृह दणाणलं. मग सिस्टर पुटपुटत गेल्या आणि शकुन बोलत गेली, आधी चाचरत, मग मोकळ्या गळ्याने. बदकं बिशपच्याच झग्याखाली लपवली गेली, तेव्हा सिस्टर इतक्या हसल्या की तो संवाद राहूनच गेला.

बाहेर आल्यावर शकुन म्हणाली, "सिस्टर, मला वाटलं तुम्हाला राग येईल."

"राग? चाळीस वर्षं मठात काढलीत मी. बदकं सोडून बाकी सगळं पाहिलंय." मग बिशप शेवटी गावरान बोलीत काय म्हणाला, ते त्यांनी तिच्या कानात सांगितलं. शकुन फुटपाथवरच पोट धरून बसली.

"काय म्हणाला? सांग की!" चारुदत्त ट्रामभर मागे लागला.

घरी चहा घेताना तिने ते मराठीत सांगून पाहिलं. त्याला जराही हसू आलं नाही. तिला मात्र पुन्हा इतकं आलं की बशीतला चहा सांडला.