धाकटीचे तास

थोरल्याने आईच्या घरच्या टेबलावरचा साखरेचा डबा बाजूला सरकवला, तिथे लॅपटॉप ठेवला आणि बायकोला हाक मारली. धाकटी बहीण यायच्या आत तिला तक्ता दाखवायचा होता. आपण उगाच कुणाला बोल लावत नाही, पुराव्यानिशी बोलतो, हे घरात एकाला तरी ठाऊक असलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

आई एकटीच राहायची; खुब्याचं ऑपरेशन होऊन ती आपल्या या घरी परतल्याला दोन आठवडे झाले होते. दिवसा तिच्यापाशी एक बाई असायची. रात्री तिघा भावंडांनी वाटून घ्यायच्या ठरल्या. थोरला गोदामात पर्यवेक्षक होता आणि हमालांचे तास रोज संगणकावरच काढायचा: एका रकान्यात आल्याची वेळ, दुसऱ्यात गेल्याची, तिसऱ्यात वजाबाकी. तोच तक्ता त्याने आईसाठी बेतला. रात्री येऊन सकाळी जाणाऱ्याची वजाबाकी उलटी पडते, तीही त्याने एक दिवस मिळवून सरळ केली आणि स्वतःवरच खूश झाला. ज्याने त्याने आपापल्या वेळा मोबाइलवरून भरायच्या, बेरीज आपोआप होणार. कुणाची कुरकुर नको आणि कुणाचे उपकारही नकोत.

बेरजेत थोरल्याचे एकवीस तास होते, मधल्याचे अठरा आणि धाकटीचे पाच. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, एकटी राहायची, मागे ना मूल ना बाळ. तिने पाच तासांत आईची बोळवण करावी, हे थोरल्याला फार लागलं होतं. गुरुवारी त्याने फोनवर तिला चार शब्द सुनावलेही होते. त्यावर ती नुसतं "हो दादा" म्हणाली, आणि तेही त्याला खटकलं. आज समोरासमोर बसून काय तो सोक्षमोक्ष लावायचा होता.

बायको वाटाणे सोलत होती. तिने ताट मांडीवर घेतलं आणि पडद्याकडे जरा वेळ पाहिलं.

"तुमच्या दोन-तीन रात्री, भाऊजींच्या दोन," ती म्हणाली.

"बरं, मग?"

"मग बाकीच्या रात्री आईंजवळ कोण होतं?"

मधला बसत असेल, असं थोरला धरून चालला होता. मधला काय धरून चालला होता ते मधल्यालाच ठाऊक. त्याने तक्ता वर सरकवला. धाकटीच्या नावापुढे ओळीच ओळी होत्या. एका रात्रीचे आठ, तिच्याखाली साडेआठ, पुन्हा आठ. यांची बेरीज पाच होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण त्याने शेवटच्या आकड्याच्या वर कधी पाहिलंच नव्हतं. वर्तमानपत्राच्या कडेला त्याने पेनने बेरीज मांडली. सत्त्याहत्तर आले.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. संगणक तासांच्या बेरजेला घड्याळातली वेळ समजत होता. चोवीस भरले की पुन्हा शून्यापासून सुरू. हमालांचा हिशेब रोजच्या रोज व्हायचा, म्हणून ही गोम कधी उघडी पडली नव्हती. आणि इथे धाकटी सोडून चोवीसच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं. त्याने बेरजेच्या रकान्याची मांडणी बदलली. पाचाचे सत्त्याहत्तर झाले, त्याचे एकवीस मात्र एकवीसच राहिले. त्याला मनस्वी लाज वाटली.

तेवढ्यात दार वाजलं. धाकटीने पिशवी खुंटीला अडकवली, आईच्या खोलीत डोकावून आली आणि बसायच्या आधीच बोलली.

"दादा, दुकानात सांगितलंय मी. एक तारखेपासून अर्धा दिवसच जाणार. आता तरी माझे तास भरतील ना?"

बायकोने ताटातून मान वर केली नाही. थोरल्याने लॅपटॉप बहिणीकडे वळवला आणि सगळं सांगितलं. चूक आपली आहे, गुरुवारचं बोलणं मनातून काढून टाक, उद्या सकाळी दुकानात जाऊन पूर्ण दिवस येते म्हणून सांग, असं तो एका दमात म्हणाला. धाकटी आकड्याकडे पाहत राहिली.

"अगं, तुला तरी कळायला हवं होतं. इतक्या रात्री बसलीस, बोलायचं नाही का?"

"दिसलं होतं मला. बावीस झाले होते. त्या रात्री परत बसले, तर सकाळी सहाच." तिने टेबलाच्या कडेवरून नख फिरवलं. "पहाटे माझा डोळा लागायचा ना. वाटलं, आईने सांगितलं असेल तुला, म्हणून तू माझे तास कापलेस. मग मी जागीच राहायला लागले."

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं थोरल्याने आत्ता पाहिली.

"मग दादा," धाकटी म्हणाली. लहानपणी खेळायला जाताना विचारायची, त्याच आवाजात. "उद्या रात्री मी नाही आले तर चालेल?"

त्याने होकारार्थी मान हलवली. आतून आईने हाक मारली, कुणाचंच नाव न घेता. थोरला खुर्ची मागे सारून उठेपर्यंत धाकटी दारापाशी पोचलीही होती.